जेरुसलेम घ्या, पण कराक मागू नका

जॉर्डनला जाणारी आपली मंडळी बहुतेक करून पेट्रा, वाडी रम आणि मृत समुद्र एवढं पाहून परततात. मी आणि बाबांनी मात्र सगळी आखणी किल्ल्यांभोवती केली. बाबांची उमर सह्याद्रीतले गड पालथे घालण्यात गेली. गुडघे आता कुरकुरतात, पण तटबंदी दिसली की पाय आपसूक तिकडे वळतात.

क्रुसेड म्हणजे ख्रिस्ती आणि मुसलमान यांच्यात दोनेकशे वर्षं चाललेली धर्मयुद्धं, एवढं शाळेत शिकलो होतो. १०९५ मध्ये पोप दुसरा अर्बन याने फ्रान्समधल्या क्लेर्मों गावी हाक दिली. १०९९ च्या जुलैत युरोपातून आलेल्या फौजांनी जेरुसलेम जिंकलं आणि आत भयंकर कत्तल केली. ११८७ मध्ये इजिप्त-सीरियाचा मुसलमान सुलतान सलाहुद्दीन याने ते परत घेतलं आणि १२९१ मध्ये क्रुसेडरांचं किनाऱ्यावरचं शेवटचं मोठं ठाणं अक्का पडल्यावर हा अध्याय जवळपास मिटला. या गोष्टीच्या मधोमध नेहमी जेरुसलेम असतं. जॉर्डनमधले किल्ले पाहून आल्यावर मला वाटतं, की ती समजायची तर थोडं पूर्वेला, जॉर्डन नदीच्या या बाजूला येऊन उभं राहावं.

तयारीबद्दल एकच सांगते. 'जॉर्डन पास' निघण्याआधी ऑनलाइन घ्या. देशात किमान तीन रात्री राहणार असाल तर त्यात व्हिसाची फी माफ होते, आणि पेट्रासकट आम्ही पाहिलेल्या मोठ्या किल्ल्यांची तिकिटंही त्यातच येतात. पेट्रा किती दिवस पाहणार त्यावर पासचा दर ठरतो. व्हिसाचे नियम बदलत असतात, तेवढे निघण्यापूर्वी तपासून घ्या. जुन्या 'किंग्ज हायवे'वर थेट बसचा भरवसा नाही. म्हणून आम्ही चालकासह गाडी ठरवली. साठीच्या आसपासचे, मितभाषी गृहस्थ होते. दुसऱ्या दिवसापासून आम्ही त्यांना तिकडच्या रीतीने 'अम्मो', म्हणजे काका, म्हणायला लागलो.

पहिला दिवस : अम्मान, अजलून

सकाळी जुन्या अम्मानमध्ये हाशिमच्या खानावळीत गल्लीतल्या टेबलावर बसून फूल (बाकल्याची उसळ), हुमूस, फलाफल आणि पुदिन्याचा चहा घेतला. इथे मांसाहार नाहीच, त्यामुळे बाबांची पहिल्याच दिवशी चिंता मिटली. मग उत्तरेकडे निघालो.

मार्चचा पहिला आठवडा होता. अजलूनच्या टेकड्या हिरव्यागार होत्या, ओकच्या झाडांखाली लालभडक रानफुलं उगवलेली. जॉर्डन म्हणजे वाळवंट असं धरून गेलेल्या माणसाला हा भाग थक्क करतो. पाऊस भुरभुरत होता. किल्ला डोंगराच्या टोकावर, आणि खाली पश्चिमेला सगळं जॉर्डनचं खोरं.

हा किल्ला क्रुसेडरांनी बांधलेला नाही. सलाहुद्दीनचा सरदार इझ्झुद्दीन उसामा याने ११८४ मध्ये तो उभारला. खोऱ्यापलीकडच्या कड्यावर बेल्व्हॉर हा हॉस्पिटलर पंथाच्या लढवय्या संन्याशांचा किल्ला होता, आणि दक्षिणेला कराकमध्ये शातियोंचा रेनॉल्ड हा क्रुसेडर सरदार बसला होता. दोघांवर डोळा ठेवायला ही जागा निवडली. जवळच लोखंडाच्या खाणी होत्या, त्यांचंही रक्षण झालं. १२१४ च्या सुमारास किल्ला वाढवला गेला. पुढे १२६० मध्ये मंगोलांनी त्याची मोडतोड केली, १८३७ आणि १९२७ च्या भूकंपांनी उरलेलं काम केलं. तरी खोल खंदक, वळणावळणाची वाट आणि एकावर एक रचलेली दालनं शाबूत आहेत. आत एका जुन्या चर्चची मोझेकची फरशीही आहे.

दारापाशी दगडात कोरलेले पक्षी आहेत. तिथल्या वयस्क रखवालदाराने आम्हाला हात धरून त्यांच्यासमोर नेलं. दमास्कस आणि कैरो यांच्यामध्ये कबुतरांच्या टपालाची आणि डोंगरमाथ्यांवरच्या जाळांची साखळी होती, त्यातलं हे एक ठाणं, असं तो सांगत होता. मग त्याने दोन्ही हातांनी हवेत एक रेघ ओढली, उत्तरेकडून दक्षिणेकडे. "दमास्कस, मिसर. मधे आम्ही," एवढंच इंग्रजीत म्हणाला. मिसर म्हणजे इजिप्त.

बाबा बराच वेळ त्या रेघेच्या दिशेने पाहत राहिले. "अगं, जीवधन, चावंड, हडसर, शिवनेरी हे सगळे नाणेघाटाभोवती का जमले?" त्यांनी विचारलं. "घाटातून जाणाऱ्या मालासाठी. इथेही आधी वाट शोध, किल्ला आपोआप सापडेल." पुढचे सगळे दिवस आम्ही तेच केलं.

टीप : किल्ल्याशेजारी आता रोपवे झाला आहे. सुट्टीच्या दिवशी, म्हणजे शुक्रवार-शनिवारी, तिथे स्थानिक कुटुंबांची झुंबड असते. किल्ला निवांत पाहायचा तर आठवड्याच्या मधे जा. थंडीसाठी जाकीट हवंच.

दुसरा दिवस : माडबा, नेबो, मुजिबची दरी

माडबाच्या सेंट जॉर्ज चर्चमध्ये जमिनीवर सहाव्या शतकातला मोझेकचा नकाशा आहे. रंगीत दगडाच्या नखाएवढ्या तुकड्यांनी सगळी पवित्र भूमी मांडलेली. मध्यभागी अर्थात जेरुसलेम, त्याचा खांबांचा रस्ता स्पष्ट दिसतो. जॉर्डन नदीत मासे आहेत, आणि मृत समुद्राच्या तोंडाशी आलेला एक मासा उलटा फिरून प्रवाहाविरुद्ध परत निघाला आहे. त्या एका माशासमोर मी किती वेळ उभी होते कोण जाणे. कारागिराला ठाऊक होतं की पुढच्या पाण्यात जीव जगत नाही.

बाबा मात्र समुद्राच्या पूर्वेला काय आहे ते शोधत होते. तिथे डोंगरावर तटबंदीने वेढलेलं एक गाव दाखवलं आहे. ग्रीक अक्षरांत त्याचं नाव खाराखमोबा, म्हणजे आजचं कराक. क्रुसेडर येण्याच्या पाचशे वर्षं आधीचं हे चित्र. आधी मवाब या प्राचीन राज्याचे लोक, मग रोमन, मग बायझंटाइन, मग अरब असे सगळे तिथे राहून गेले होते.

चर्चमधल्या एका बाईंनी सांगितलं, की आजचं माडबा वसवलं तेच कराकहून आलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी, १८८० च्या सुमारास. घरं बांधताना जुन्या भग्न चर्चांच्या फरशा निघत गेल्या, तसा हा नकाशाही निघाला. बाईंचं घराणंही त्यातलंच. "उद्या कराकला जाताय ना? तिथे अजून आमचे भाऊबंद आहेत," असं म्हणत त्यांनी आमच्या हातावर वेलचीच्या कॉफीचे छोटे पेले ठेवले.

नेबो डोंगरावर थोडाच वेळ थांबलो. मोझेसने इथूनच पलीकडची भूमी पाहिली अशी श्रद्धा आहे. हवा स्वच्छ असली की जेरुसलेमच्या टेकड्या दिसतात म्हणे, आम्हाला धुक्यात जेमतेम जेरिकोची हिरवी पट्टी दिसली.

तिथून दक्षिणेला मुजिबची दरी लागते. रस्ता नागमोडी उतरत तळाच्या धरणापर्यंत जातो आणि तसाच पुन्हा चढतो. सैन्य, हाजी किंवा व्यापारी, या वाटेने जो जाईल त्याला ही दरी उतरावीच लागे. गाडी लागणाऱ्यांनी अम्मानमधूनच गोळी घेऊन निघावं.

कराकला पोचेपर्यंत दिवेलागण झाली होती. किल्ल्याच्या भिंतींवर पिवळे दिवे, आणि खाली दरीत काळोख.

तिसरा दिवस : कराक

आम्ही गावातल्याच एका कुटुंबाच्या घरी उतरलो होतो. घर ख्रिस्ती. सकाळी आजी स्वयंपाकघरात जमीदचे गोळे कोमट पाण्यात कुस्करत होत्या. जमीद म्हणजे शेळ्या-मेंढ्यांच्या दुधाच्या दह्यात मीठ घालून, पाणी काढून, उन्हात वाळवून केलेले दगडासारखे टणक पांढरे गोळे. कराकचा जमीद देशभर वाखाणला जातो. आजी एक गोळा पाण्याखाली तळहातावर घासत होत्या आणि पाणी हळूहळू दुधाळ होत होतं. हे पाणी गाळून, उकळून त्यात मटण शिजलं की मन्साफ होतं. ताटात आधी पातळ शराक रोटी, तिच्यावर भात, वर मटण, भाजलेले बदाम, आणि मग हा आंबट-खारट रस्सा. मी दुपारी पोटभर जेवले. बाबांसाठी आजींनी टोमॅटो, लसूण आणि हिरवी मिरची ऑलिव्ह तेलात आटवून गलायत बंदोरा केला. शाकाहारी माणसांनी हे नाव पाठ करून ठेवावं, जॉर्डनभर मिळतं आणि चवीला झणझणीत लागतं.

मी आजींना विचारलं, तुमचे पूर्वज क्रुसेडरांबरोबर आले का? त्यांच्या नातवाने भाषांतर केलं. आजींनी हात पुसले, माझ्याकडे वळून बसल्या. "सगळे परदेशी हेच विचारतात. फ्रँक आले तेव्हा आम्ही इथेच होतो, ते गेले तेव्हाही इथेच होतो. आमची प्रार्थना अरबीतच होते." फ्रँक म्हणजे युरोपातून आलेले क्रुसेडर. ही बाजू पुस्तकांत फार कमी येते. क्रुसेडरांच्या काळात या भागात अरबी बोलणारे ख्रिस्ती मोठ्या संख्येने होते. जेरुसलेमचा राजा पहिला बाल्डविन याने तर कत्तलीनंतर ओस पडलेल्या जेरुसलेममध्ये वस्ती करायला नदीच्या पूर्वेचे, म्हणजे इथले, ख्रिस्ती मुद्दाम नेले होते. युद्ध ज्यांच्या नावाने चाललं होतं, त्यातल्या कितीजणांना कुणी विचारलं असेल?

मग किल्ला. ११४२ मध्ये पायेन नावाच्या सरदाराने, जो राजाचा मद्यभांडारी होता, त्याने इथलं बांधकाम सुरू केलं. डोंगराच्या अरुंद सोंडेवर लांबलचक किल्ला, आणि गावाच्या बाजूने खडकात खोदलेला खंदक. आत शिरलं की दगडी कमानींची लांब दालनं सुरू होतात. वरच्या झरोक्यातून येणारा उजेड तेवढाच. टॉर्च न्या, मोबाइलचा उजेड पुरत नाही. स्वयंपाकघर आणि भटारखाना ओळखू येतो. एका भिंतीत नबातीयन, म्हणजे पेट्रा कोरणाऱ्या लोकांच्या, काळातला, शिर नसलेला एक पुतळा चिणलेला आहे. ज्याला जो दगड हाताशी मिळाला त्याने तो वापरला.

बाबा भिंतींवरून हात फिरवत चालत होते. क्रुसेडरांचं काम काळपट, ओबडधोबड, टणक ज्वालामुखी दगडाचं. त्यावर आणि त्याला लागून फिकट चुनखडीचं, कोपरे नेमके साधलेलं नंतरच्या मुसलमान राजवटींचं काम. इजिप्तचा मामलूक सुलतान बैबर्स याने १२६३ मध्ये कराक ताब्यात घेतला आणि मजबूत केला, मामलुकांनी आत महाल बांधला. काही ठिकाणी दोन्ही रंगांचे दगड एकाच भिंतीत सांधलेले आहेत. बाबांनी अंगठा बरोबर त्या सांध्यावर ठेवला आणि मला म्हणाले, "हे बघ. इथे मालक बदलला, गवंड्याने जुनी भिंत ठेवूनच पुढे रचली."

पश्चिमेच्या तटावर वारा असा होता की टोपी हातात धरावी लागली. खाली दूरवर मृत समुद्राची चंदेरी रेघ. इथूनच रेनॉल्ड काफिल्यांवर झडप घालायचा. हा माणूस दुसऱ्या क्रुसेडच्या सुमारास पूर्वेकडे आला, लग्नाने अँटिओकचा राजपुत्र झाला, पकडला जाऊन पंधरा-एक वर्षं अलेप्पोच्या कैदेत राहिला आणि सुटल्यावर कराकच्या वारसदार विधवेशी लग्न करून इथला धनी बनला. तह झालेला असतानाही त्याने व्यापाऱ्यांना लुटलं. सलाहुद्दीनने शपथ घेतली, की याला मी स्वतःच्या हाताने मारीन.

११८३ मध्ये सलाहुद्दीनने कराकला वेढा घातला तेव्हा आत लग्न चाललं होतं. नवरी इझाबेला अकरा वर्षांची राजकन्या, नवरदेव रेनॉल्डचा सावत्र मुलगा हम्फ्री. एका ख्रिस्ती बखरकाराने लिहून ठेवलंय, की नवरदेवाच्या आईने लग्नातलं जेवण वेढा घालणाऱ्या सलाहुद्दीनकडे पाठवलं. त्याने विचारलं, नवदांपत्य कोणत्या बुरुजात आहे? आणि त्या बुरुजावर दगड फेकायचे नाहीत असा हुकूम दिला. बाकी तटावर मारा चालूच राहिला. शेवटी कुष्ठरोगाने जर्जर झालेला तरुण राजा चौथा बाल्डविन पालखीतून फौज घेऊन आला आणि वेढा उठला.

रेनॉल्डने पुन्हा एक मोठा काफिला लुटला. त्यानंतर ४ जुलै ११८७ ला हत्तीनच्या लढाईत सगळं संपलं. तहानेने कासावीस झालेल्या जेरुसलेमच्या राजा गी याला सलाहुद्दीनने थंड पेय दिलं आणि रेनॉल्डला तिथेच ठार केलं. पकडलेल्या लढवय्या संन्याशांनाही त्याने मारवलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात जेरुसलेम घेताना मात्र त्याने कत्तल होऊ दिली नाही, खंडणी घेऊन लोकांना सोडलं. खंडणी देऊ न शकलेले हजारो गुलाम झाले, हेही खरं. त्याला देव करायचं कारण नाही, पण १०९९ आणि ११८७ मधला फरक तिथल्या लोकांनी जिवावर अनुभवला.

जेरुसलेम पडल्यावरही कराक वर्षभर लढत राहिला. उपासमारीत किल्ल्यातल्या लोकांनी अन्नासाठी बायकामुलं विकली, आणि शरणागतीनंतर सलाहुद्दीनने त्यांना सोडवून परत दिलं, असं सांगतात. ११८८ च्या अखेरीस किल्ला पडला.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायला बसले ती. १२१९ मध्ये पाचव्या क्रुसेडची फौज इजिप्तमध्ये दमिएत्ता बंदराला वेढा घालून बसली होती. सलाहुद्दीनचा पुतण्या सुलतान अल-कामिल याने तहाचा प्रस्ताव ठेवला. इजिप्त सोडा, मी तुम्हाला जेरुसलेम परत देतो, आणि जुन्या राज्याचा मुलूखही देतो, फक्त कराक आणि शोबक हे दोन किल्ले नाही. त्यांच्याबद्दल हवी तर दरवर्षी खंडणी देतो. ज्या नगरासाठी लाखो माणसं मेली, ते सुलतान द्यायला तयार होता. हे दोन किल्ले नाही. कारण यांच्या पायथ्याशी दमास्कस आणि कैरो जोडणारी वाट जाते. हे गेले, तर त्याच्या घराण्याचं राज्य मधोमध तुटतं. ख्रिस्ती छावणीत काहींना तह हवा होता, पण पोपचा प्रतिनिधी पेलाजियस आणि लढवय्ये पंथ अडून बसले. त्यांचाही एक मुद्दा हाच होता, की हे किल्ले हातात नसतील तर जेरुसलेम टिकवता येणार नाही. दोन्ही बाजू नकाशा सारख्याच वाचत होत्या. तह झाला नाही. दमिएत्ता जिंकलं आणि दोन वर्षांत गमावलं.

मी हे बाबांना तटावर बसूनच सांगितलं. ते काही बोलले नाहीत, नुसते उठून पूर्वेच्या कडेला गेले आणि वाट शोधू लागले.

टीप : कराक बहुतेक पर्यटक पेट्राला जाताना तासाभरात उरकतात. निदान अर्धा दिवस द्या. दुपारी दोननंतर बसगाड्या निघून जातात आणि किल्ला आपलाच असतो. कठडे सगळीकडे नाहीत, लहान मुलांना सांभाळा.

चौथा दिवस : शोबक

ताफिलाच्या पुढे थंडी वाढली. शोबकला पोचलो तेव्हा गारांचा मारा सुरू झाला आणि अम्मोंनी आम्हाला गाडीतून उतरूच दिलं नाही. त्यांनी थर्मासातला मरमिया (सेजची पानं) घातलेला, भरपूर साखरेचा चहा दिला. तासाभराने ढग फाटले आणि समोर एकटी टेकडी, तिच्या माथ्यावर किल्ला. कराक गावाला चिकटून आहे, शोबक उजाड मोकळ्या मुलखात आहे. त्याची चित्रं कुठेही पाहा, असं उभं राहिल्याचं दडपण त्यांत येत नाही.

१११५ मध्ये पहिल्या बाल्डविनने हा बांधला आणि 'राजाचा डोंगर' या अर्थाचं माँत्रेआल नाव दिलं. नदीच्या पूर्वेचा हा क्रुसेडरांचा पहिला मोठा किल्ला. आज बाहेरच्या बुरुजांवर अरबी अक्षरांचे पट्टे दगडात कोरलेले दिसतात, ते मामलुकांच्या तेराव्या शतकाच्या अखेरच्या दुरुस्तीतले. क्रुसेडरांच्या दोन चर्चच्या भिंती आत आहेत. त्यातल्या एकात उभं राहिलं की बाहेरच्या वाऱ्याचा आवाज एकदम तुटतो.

किल्ल्यात खडकातून खाली पाण्यापर्यंत उतरणारा जिना आहे. पायऱ्या ३७५ असल्याचं सांगतात. झिजलेल्या, ओल्या, काही ठिकाणी नुसता उतार. बाबांच्या गुडघ्यांना हे झेपणारं नव्हतं. तिथल्या एका बदू, म्हणजे भटक्या अरब जमातीतल्या, पोराबरोबर मी उतरले. अर्ध्या वाटेत त्याने दिवा मालवला आणि काय ऐकू येतं ते ऐक म्हणाला. खालून थेंबांचा आवाज येत होता. पाणी असल्यानेच कराकपेक्षाही जास्त काळ शोबक टिकला, ११८९ पर्यंत. मीठ संपल्यामुळे शेवटी किल्ल्यातल्यांची नजर गेली, अशी कथा तो पोरगा अगदी मनापासून सांगत होता.

शोबकची एक गोष्ट मला फार आवडते. ११७१ मध्ये सलाहुद्दीनने याला वेढा घातला होता, किल्ला पडायच्या बेतात होता. तेवढ्यात त्याचा धनी, दमास्कसचा नूरुद्दीन, उत्तरेकडून फौज घेऊन निघाल्याची खबर आली. सलाहुद्दीन वेढा उठवून इजिप्तला परतला. अरब इतिहासकार कारण सांगतात, की मधला ख्रिस्ती मुलूख नाहीसा झाला असता तर नूरुद्दीन थेट इजिप्तच्या दारात आला असता, आणि सलाहुद्दीनची सत्ता गेली असती. दोन मुसलमान सत्तांच्या मधे ख्रिस्ती किल्ला उभा असणं एकाच्या सोयीचं होतं. श्रद्धेपोटी माणसं हजारो मैल चालत आली आणि मेली, ते खोटं नाही. पण किल्ला कुठे बांधायचा आणि कधी सोडायचा, हे वाट ठरवत होती.

आणि दुसरी गोष्ट. १२१७ मध्ये थीटमार नावाचा जर्मन यात्रेकरू इथे आला. किल्ला मुसलमानांच्या हाती जाऊन २८ वर्षं झाली होती. पायथ्याच्या वस्तीत मुसलमान आणि ख्रिस्ती दोघंही राहत होते, आणि त्याला आसरा दिला तो एका फ्रेंच विधवेने. तिने त्याला सिनाईची वाट सांगितली, सोबत पाव, चीज, मनुका, अंजीर आणि वाइन बांधून दिली आणि वाटाडे बदू ठरवून दिले. तिचं नाव त्याने लिहिलं नाही. राज्य गेलं, आपली माणसं गेली, तरी ती बाई इथेच राहिली. किल्ल्याखालच्या उतारावर अजून पडक्या घरांच्या भिंती आहेत. मी तिथे जाऊन आले.

टीप : शोबकच्या आसपास खायला फारसं काही मिळत नाही, कराकहूनच काही बांधून घ्या. बोगद्यात उतरायचं तर ग्रिपचे बूट, दिवा आणि सोबत हवीच. पावसानंतर उतरू नका.

पाचवा दिवस : वाडी मुसा

पेट्राबद्दल सगळ्यांनी लिहिलंय, मी फक्त दोन जागा सांगते. गावाच्या उत्तरेला, रस्त्यालगतच पण सहज नजरेत न येणारा वुऐरा किल्ला. खोल घळीवरून खडकात कोरलेल्या दारातून आत जावं लागतं, आणि आत बुरुजांचे अवशेष. इथे तिकीट नाही, गर्दी नाही, फलकही धड नाही. माणूस बरोबर घेऊनच जा, घळ खरोखरीच खोल आहे.

११४४ मध्ये इथल्या स्थानिक लोकांनी तुर्की सैनिकांना बोलावून हा किल्ला क्रुसेडरांकडून हिसकावला. किशोरवयातला राजा तिसरा बाल्डविन फौज घेऊन आला. तट काही फुटेना. मग त्याच्या माणसांनी खालची ऑलिव्हची झाडं तोडायला सुरुवात केली, आणि लोक लगेच शरण आले. ऑलिव्हचं झाड भरात यायला पिढी जाते. वाडी मुसाच्या उतारांवर आजही ऑलिव्हच्या बागा आहेत. आम्ही उतरण्याचा रस्ता एका शेतकऱ्याला विचारला, तर त्याने आधी आम्हाला झाडाखाली बसवून झातर (रानपाल्याचा मसाला) आणि तेलाबरोबर रोटी खायला घातली.

दुसरी जागा पेट्राच्या आत, कस्र अल-बिंत या मंदिराच्या मागच्या टेकडीवरचा अल-हबीस. क्रुसेडरांची इवलीशी चौकी. मी चढले, बाबा खाली बदू बाईच्या टपरीत चहा पीत बसले. वरून सगळं पेट्रा दिसतं आणि एकही पर्यटक नसतो.

सहावा दिवस : अकाबा

पेट्राहून दोन तासांत समुद्र. स्वेटर काढून ठेवला. समोर इजिप्त आणि इस्राएल, डावीकडे थोडं खाली सौदी.

रेनॉल्डने ११८२-८३ च्या हिवाळ्यात गलबतांचे सुटे भाग उंटांवरून या खाडीत आणले, जोडले आणि तांबड्या समुद्रात सोडले. त्याच्या माणसांनी पलीकडच्या आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचं आयधाब बंदर लुटलं, हाजींची जहाजं जाळली. मदिनेवर चालून येताहेत या बातमीने सगळं इस्लामी जग हादरलं. सलाहुद्दीनच्या भावाने इजिप्तहून आरमार पाठवून त्यांना गाठलं आणि पकडलेल्यांना ठिकठिकाणी नेऊन मारलं. अंदलूसचा, म्हणजे मुसलमानी स्पेनचा, यात्रेकरू इब्न जुबैर त्या वसंतात अलेक्झांड्रियात उतरला, तेव्हा त्याने हे कैदी उंटांवर शेपटीकडे तोंड करून बसवलेले, ढोल वाजवत नेले जाताना पाहिले.

हाच इब्न जुबैर पुढच्या वर्षी दमास्कसहून अक्काला गेला. सलाहुद्दीन तेव्हा पुन्हा कराकला वेढा घालून बसला होता. आणि तरी मुसलमान काफिले ख्रिस्ती मुलखातून, ख्रिस्ती व्यापारी मुसलमान मुलखातून, जकात भरून सुखरूप जात-येत होते. लढणारे लढताहेत आणि बाकीचे आपापल्या व्यवहारात आहेत, याचं त्याला स्वतःलाच नवल वाटलं. मला तर हे सगळ्या लढायांपेक्षा महत्त्वाचं वाटतं.

किनाऱ्यावर आम्ही अम्मोंना शेवटचं जेवण दिलं. सयादिया, म्हणजे परतलेल्या कांद्यातला भात आणि वर मासा. बाबांसाठी पुन्हा गलायत बंदोरा. अम्मो स्वतः मूळचे नदीपलीकडच्या हेब्रॉनकडचे, आईवडील १९६७ च्या युद्धात इकडे आले. हे त्यांनी इतके दिवस सांगितलं नव्हतं. नेबोवरून त्यांना काय दिसत असेल, हे मला तेव्हा लक्षात आलं. ते गाडीतच का थांबले होते, तेही.

परतीचा प्रवास डेझर्ट हायवेने. सरळ, कंटाळवाणा, चार तासांत अम्मान. वेळ कमी असेल तर वाडी रम वगळा, अजलून घाईत उरका, पण कराकला एक मुक्काम ठेवा आणि शोबकला उजेड असताना पोचा. मार्च-एप्रिल किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर उत्तम. रमजानात दिवसा गावांतल्या खानावळी बंद असतात, तेव्हा तारखा पाहूनच तिकीट काढा. आणि कराकच्या बाजारातून निघताना जमीदचा एक गोळा घ्या. घट्ट गुंडाळून सामानात घालायचा, कारण वास सगळ्या कपड्यांना लागतो.